नेत्याचा खर्च वाचायचा कसा? तीन खिशांचा हिशेब

उमेदवारी अर्जांची मुदत संपली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एक ठरलेली बातमी येते. अमक्यांची संपत्ती पाच वर्षांत तिप्पट, तमक्यांच्या नावावर एकही गाडी नाही, आणखी कुणाकडे इतके तोळे सोनं आणि एक रिव्हॉल्व्हर. संध्याकाळपर्यंत ती सगळ्या ग्रुपांवर फिरते आणि आपण माणसाची परीक्षा करून मोकळे होतो. गाडी नाही म्हणजे साधा माणूस, तीन बंगले म्हणजे खाऊन बसलेला.

दोन्ही निकाल घाईचे. गाडी बायकोच्या, भावाच्या किंवा कंपनीच्या नावावर असू शकते. बंगले वडिलोपार्जित असू शकतात. तरीही माणूस पैसा कुठे घालवतो यावरून त्याला खरं काय प्यारं आहे ते कळतं, ही आपली जुनी समजूत चुकीची नाही. फक्त कुठला खर्च बघायचा आणि तो कुठे सापडतो, हे माहीत पाहिजे.

## बोलायला पैसे पडत नाहीत

अर्थशास्त्रात याला ‘प्रकट पसंती’ म्हणतात. पॉल सॅम्युएलसन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९३८ मध्ये ही कल्पना मांडली. माणसाला काय आवडतं हे त्याला विचारत बसू नका. समोर दोन-चार पर्याय असताना तो पैसे कशावर मोजतो ते बघा, त्याची पसंती तिथे उघडी पडते. ‘शिक्षण ही आमची प्राथमिकता आहे’ हे वाक्य सगळ्याच पक्षांच्या जाहीरनाम्यात असतं आणि छापायला तेवढीच शाई लागते. शाळेच्या छपराचे पैसे कापून स्वागतकमान उभी राहिली की प्राथमिकता कुठली ते दिसतं.

पण ही कसोटी लागू पडायला दोन अटी आहेत. खर्च करणाऱ्याला निवडीची मोकळीक हवी, आणि झळ त्याला स्वतःला बसायला हवी. तुमच्या-माझ्या बाबतीत दोन्ही अटी आपोआप पूर्ण होतात, कारण पैसा एकाच खिशातून जातो. नेत्याला तीन खिसे असतात: एक त्याचा स्वतःचा, दुसरा सरकारी तिजोरीचा, आणि तिसरा इतरांचा, म्हणजे पक्ष, देणगीदार, ठेकेदार, ‘हितचिंतक’ यांचा. बातम्या येतात त्या बहुतेक पहिल्या खिशाच्या. स्वभाव कळतो तो जास्त करून दुसऱ्या आणि तिसऱ्या खिशावरून.

## पहिला खिसा: शपथपत्रात खर्चाचा रकानाच नाही

उमेदवाराने संपत्ती जाहीर करायची हा नियम राजकारण्यांनी आपणहून केलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ ला तसा निकाल दिला. संसदेने कायदा बदलून तो पातळ करायचा प्रयत्न केला, तेव्हा मार्च २००३ मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. तेव्हापासून उमेदवार अर्जासोबत ‘नमुना २६’ मधलं शपथपत्र देतो. त्यात त्याचं, जोडीदाराचं आणि अवलंबितांचं मागच्या पाच वर्षांचं विवरणपत्रातलं उत्पन्न असतं. रोख, ठेवी, शेअर, विमा, गाड्या, दागिने, जमीन, घरं, कर्जं असतात. आता उत्पन्नाचा स्रोतही द्यावा लागतो.

खर्च मात्र कुठेच नसतो. शपथपत्र म्हणजे त्या दिवशी शिल्लक काय, याचा फोटो. खर्च आपल्याला मागच्या आणि आत्ताच्या शपथपत्रांतल्या फरकावरून काढावा लागतो.

एक काल्पनिक उमेदवार घेऊ. २०१९ मध्ये त्याची मालमत्ता २ कोटींची होती, २०२४ मध्ये ५ कोटींची. बातमी होईल, ‘पाच वर्षांत अडीचपट’. आता कागद नीट बघा. ३ कोटींच्या वाढीतले १ कोटी ८० लाख जुन्याच जमिनीचे आहेत. गट नंबर तोच, क्षेत्र तेच, फक्त बाजारभाव वाढला. त्यात त्याने काही कमावलं नाही. उरले १ कोटी २० लाख, ही नवी खरेदी. पण कर्जाच्या रकान्यात ५० लाखांची भर पडलेली दिसते. म्हणजे स्वतःच्या पैशाने घेतलेलं ७० लाखांचं. पाच वर्षांचं जाहीर उत्पन्न मिळून ९० लाख. ९० मधून ७० गेले, उरले २० लाख. आयकर धरून एवढ्या पैशांत त्या कुटुंबाने पाच वर्षं काढली. महिन्याला तेहतीस हजार.

आता हाच माणूस दर आठवड्याला मुंबईच्या फेऱ्या मारतो, दोन गाड्या पुढे-मागे असतात, गणपतीत पाचशे मंडळांची वर्गणी देतो आणि मुलीच्या लग्नात तालुका जेवतो. तेहतीस हजारांत हे बसत नाही. अडीचपट संपत्तीपेक्षा हा प्रश्न जास्त टोचणारा आहे: मग बिलं कोण भरतंय?

(शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त असल्यामुळे हे गणित थोडं सैल धरावं लागतं. आपल्याकडे अनेक नेत्यांची शेती फार चांगली पिकते, हेही लक्षात घ्यायचं.)

याच शपथपत्रात कुणी न वाचणारी आणखी एक नोंद असते. उमेदवार मागच्या दहा वर्षांत सरकारी निवासस्थानात राहिला असेल, तर तिथलं भाडं, वीज, पाणी, टेलिफोन यांची थकबाकी नाही असं लिहून द्यावं लागतं. मुंबईत मलबार हिलवरच्या मंत्र्यांच्या बंगल्यांची पाणीपट्टी थकल्याचं २०१९ मध्ये माहिती अधिकारातून बाहेर आलं होतं. बिल सार्वजनिक बांधकाम खात्याने भरायचं असतं, मंत्र्याने नव्हे, हे खरं. पण आपल्या नळाचं बिल भरलं गेलं का, हे एकदा विचारायला खातं लागत नाही.

## साधेपणा म्हणजे सचोटी, हे समीकरण

हे समीकरण आपल्या मनात घट्ट बसलंय आणि त्याला कारणंही आहेत. लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना फियाट घ्यायला पाच हजारांचं बँकेचं कर्ज काढलं आणि त्यांच्यामागे ललिताबाईंनी ते पेन्शनमधून फेडलं. आपल्याकडे सांगोल्याचे गणपतराव देशमुख शेकापच्या तिकिटावर अकरा वेळा आमदार झाले आणि एसटीने फिरत राहिले. एवढी वर्षं सत्तेच्या आसपास राहून राहणी बदलली नाही, याचा अर्थ काढायला अभ्यासक व्हावं लागत नाही.

पण जयललितांचं उदाहरण घ्या. १९९१ मध्ये पहिल्यांदा मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी महिना १ रुपया पगार घ्यायचं जाहीर केलं. याहून साधं काय असणार! त्याच कारकिर्दीत, सप्टेंबर १९९५ मध्ये, मानसपुत्राचं लग्न चेन्नईत अशा थाटात झालं की त्याची चर्चा जगभर झाली. पुढे बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यात त्या पाच वर्षांतली ६६ कोटींवर मालमत्ता हा आरोपाचा गाभा होता. बंगळुरूच्या विशेष न्यायालयाने २०१४ मध्ये त्यांना चार वर्षं कैद आणि १०० कोटी दंड ठोठावला. उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये निर्दोष ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये विशेष न्यायालयाचा निकाल उचलून धरला, पण तोवर त्या वारल्या होत्या, त्यामुळे त्यांच्यापुरता खटला संपला. एक रुपयाचा पगार तेवढा पहिल्या खिशातला होता.

आता उलट बाजू. कोल्हापूरचे शाहू महाराज साधे राहत होते असं कुणी म्हणणार नाही. शिकारीसाठी पाळलेले चित्ते, पदरी पैलवान, आणि १९०२ मध्ये युरोपला गेल्यावर रोमचं कोलोसियम पाहून आल्यावर मनात घेतलेलं, १९१२ मध्ये उभं राहिलेलं खासबागचं कुस्ती मैदान. शौक भरपूर, आणि लपवलेले मुळीच नाहीत. पण त्याच माणसाच्या संस्थानचा पैसा कुठे वळला ते बघा. १९०१ मध्ये मराठा आणि जैन विद्यार्थ्यांची वसतिगृहं, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, मधल्या काळात राधानगरीचं धरण. १९२० मध्ये बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढलं, त्याला अडीच हजारांची मदत. कुस्तीवर खर्च करणाऱ्या राजाने वसतिगृहांना हात आखडता घेतला नाही. मिस क्लार्क वसतिगृहामुळे टाळ्या मिळाल्या नाहीत. त्या काळच्या कोल्हापुरात रोषच पत्करावा लागला. ज्या खर्चातून लोकप्रियता मिळत नाही, उलट जाते, तिथे माणसाची पसंती सर्वांत स्वच्छ दिसते.

साधेपणाचं आणखी एक दुखणं आहे. तो दाखवायला लागलो की महाग पडतो. सप्टेंबर २००९ मध्ये केंद्र सरकारने काटकसरीची मोहीम काढली. परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा आणि राज्यमंत्री शशी थरूर यांना पंचतारांकित हॉटेलं सोडायला लावली. आम्ही स्वतःच्या पैशाने राहतो, असं त्यांचं म्हणणं होतं. सोनिया गांधी साध्या वर्गाने विमानातून गेल्या, राहुल गांधी शताब्दी एक्स्प्रेसने लुधियानाला. तिकिटाचे पैसे वाचले असतील. विशेष सुरक्षा असलेला माणूस चालत्या रेल्वेत बसला की डब्यात, फलाटावर आणि वाटेतल्या स्टेशनांवर किती पोलीस लागतात, तो हिशेब तिकिटावर छापलेला नसतो.

## दुसरा खिसा: हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

सरकारी पैसा खर्च करताना झळ स्वतःला बसत नाही, त्यामुळे प्रकट पसंतीची एक अट इथे मोडते. पण निवडीची मोकळीक असते. हाऊसिंग सोसायटीत राहणाऱ्यांना हे सांगायला नको. पैसे सगळ्यांच्या मेंटेनन्सचे; पण लिफ्टचा दोर बदलायचा की लॉबीला ग्रॅनाइट लावायचं, या एका ठरावावरून नव्या सेक्रेटरीला कशात रस आहे ते पहिल्याच सभेत समजतं. ग्रॅनाइटसोबत नामफलकही आला तर बोलायलाच नको.

आमदार-खासदारांचा असा हक्काचा निधी असतो. खासदार निधी डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाला. आता तो वर्षाला ५ कोटी आहे, महाराष्ट्रात आमदारांनाही तेवढाच मिळतो. पैसा त्यांच्या हातात येत नाही. ते काम सुचवतात, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाची. खासदार निधीतले किमान १५ टक्के अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या भागासाठी सुचवावेत असा नियम आहे. बाकीचं त्यांच्या पसंतीवर.

म्हणून एखाद्या प्रतिनिधीची पाच वर्षांची कामांची यादी मागवली तर ती त्याच्या भाषणांपेक्षा जास्त बोलते. समाजमंदिरं किती आणि कुणाची, ओपन जिम किती, दवाखान्याची उपकरणं किती, एकच वॉर्ड पुन्हा पुन्हा येतो का. कामावर प्रतिनिधीच्या नावाची पाटी लावायला नियमांची हरकत नाही, उलट तशी तरतूदच आहे. पण आपल्या गावचा बसथांबा आठवून बघा. गाडी कुठे जाते आणि किती वाजता, हे जवळ जाऊन शोधावं लागतं. ‘सौजन्य’ चौकातूनच वाचता येतं.

जाहिरातींचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये सांगितलं की सरकारी जाहिरातीत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांच्याशिवाय कुणाचा फोटो नको. या निकालाविरुद्ध केंद्रासह अनेक राज्यं न्यायालयात गेली. वेगवेगळ्या पक्षांची सरकारं, एरवी कशावर एकमत नाही. मार्च २०१६ मध्ये मुख्यमंत्री, राज्यपाल आणि मंत्र्यांचे फोटो पुन्हा चालू झाले.

सरकारी निवासस्थानाचा खर्च हा सर्वांत गाजणारा विषय. दिल्लीत मुख्यमंत्री असताना अरविंद केजरीवाल राहत होते त्या ६, फ्लॅगस्टाफ रोड या बंगल्याच्या नूतनीकरणाचा सुरुवातीचा अंदाज ७ कोटी ९१ लाखांचा होता आणि काम संपलं तेव्हा आकडा ३३ कोटी ६६ लाखांवर गेला, असं कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या, अहवालात आलं. पक्षाने बंगला जुना आणि धोकादायक झाल्याचं कारण दिलं. तो युक्तिवाद सगळा खोटा मानायचं कारण नाही. पण मोठा बंगला घेणार नाही, असं सांगत आलेल्या नेत्यासाठी हा खर्च इतरांपेक्षा महाग पडला. आम्हाला बंगला आवडतो असं आधीच सांगणाऱ्याला कुणी विचारलंही नसतं.

## एका खर्चाच्या मागे दुसरा न झालेला खर्च

बंगला आणि बसथांबा डोळ्यांत भरतात, पण राज्याच्या अर्थसंकल्पापुढे ती चिल्लर आहे. महाराष्ट्राच्या महसुलातला निम्म्याहून जास्त पैसा पगार, पेन्शन आणि व्याजात जातो. मुख्यमंत्री कोणीही असो, तो द्यावाच लागतो, म्हणून त्यावरून कुणाची मूल्यं कळत नाहीत. निवड होते ती उरलेल्या पैशात. आणि तिथे एकाला दिलं की दुसऱ्याचं राहतं.

‘लाडकी बहीण’ घ्या. २८ जून २०२४ च्या अतिरिक्त अर्थसंकल्पात घोषणा, महिना १,५०० रुपये, वर्षाचा अंदाज ४६ हजार कोटी. जुलैत विक्रमी ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या, त्यात मोठा हिस्सा हिचा. पुरवणी मागणी म्हणजे अर्थसंकल्प मंजूर झाल्यावर ‘आणखी एवढे लागतील’ म्हणून सभागृहाकडे मागितलेले पैसे. नोव्हेंबरात निवडणूक झाली.

या योजनेला नुसतं ‘रेवडी’ म्हणणं मला पटत नाही. हातात दीड हजार येणाऱ्या बाईला तो पैसा काय असतो हे ज्यांना ठाऊक नाही, तेच तो शब्द वापरतात. पण योजनेकडे खर्च म्हणून बघताना दोन गोष्टी तपासाव्यात. एक, वेळ: गरज वर्षानुवर्षं होती, पैसा निवडणुकीच्या तोंडावर आला. दुसरी, कुणाच्या ताटातून. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे सुमारे ४१० कोटी या योजनेकडे वळवले गेले, तेव्हा त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. विरोधक नव्हे, सत्तेतला मंत्री. अनुसूचित जातींसाठी राखलेला पैसा सर्वांत आधी हाताशी येतो, कारण त्यासाठी ओरडणारे कमी असतात. सरकारला काय प्यारं आहे ते योजनेच्या जाहिरातीत दिसलं. काय कमी प्यारं आहे ते या आदेशात.

## तिसरा खिसा: शुभेच्छुक कोण?

कुठल्याही शहरातला वाढदिवसाचा फ्लेक्स खालून वर वाचायची सवय लावून घ्या. वर साहेबांचा चेहरा असतो, खाली टपाल तिकिटाएवढे फोटो आणि ‘शुभेच्छुक’. त्यात बिल्डर असतो, वाळूवाला असतो, नगरपालिकेची टेंडरं भरणारा असतो, आणि पुढच्या वेळी तिकीट पाहिजे असलेली पोरं असतात. साहेबांनी एक रुपया खर्च केलेला नसतो. मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा फलकांवर कारवाईचे आदेश देऊन वर्षं उलटली. फलक काही हटले नाहीत. साहेबांची पसंती इथे खर्च करण्यात नसून खर्च करू देण्यात आहे.

मोठ्या पातळीवर हाच प्रकार. जून २०२२ मध्ये शिवसेनेतले बंडखोर आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले, आणि सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ महाराष्ट्राच्या तोंडी बसलं. सगळे हसले. त्या हाटेलाचं बिल कोणी भरलं, हा प्रश्न विरोधकांनी विचारला आणि विरून गेला. त्यांनाही फार ताणता आला नसता, कारण नोव्हेंबर २०१९ मध्ये काँग्रेसने आपले आमदार जयपूरला नेऊन ठेवले होते, आणि शिवसेना-राष्ट्रवादीचे आमदार मुंबईतल्या हॉटेलांत होते. शपथपत्रात हे कुठे लिहायचं म्हटलं तर रकानाच नाही. खोली वापरली, मालमत्ता झाली नाही.

जानेवारी २०१५ मध्ये ओबामांच्या भेटीच्या वेळी पंतप्रधानांनी घातलेला, नावाच्या रेघा विणलेला सूट आठवत असेल. तो भेट मिळालेला होता असं सांगण्यात आलं. महिन्याभरात सुरतला लिलावात ४ कोटी ३१ लाखांना विकला गेला आणि पैसा गंगा स्वच्छतेला गेला. शेवट नीट झाला. पण अशी भेट कुणाकडून, कितीची, हे लिलावाची वाट न बघता लोकांना कळण्याची सोय हवी.

ब्रिटनमध्ये खासदारांना भेटींची नोंद सार्वजनिक वहीत करावी लागते. २०२४ मध्ये तिथले नवे पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी पक्षाच्या एका श्रीमंत देणगीदाराकडून कपडे आणि चष्मे घेतल्याचं गाजलं, ते त्या वहीमुळेच. चष्म्यांची किंमत २,४८५ पौंड. पुढे त्यांनी काही भेटींचे मिळून सहा हजारांवर पौंड परत केले. आपल्याकडे राज्यसभेत सदस्यांच्या आर्थिक हितसंबंधांची नोंदवही आहे, पण तिच्यात संचालकपद, सल्लागारी, व्यवसाय असले रकाने. चष्म्याचा नाही. पक्षांना मिळणाऱ्या देणग्यांचा पडदा तर निवडणूक रोख्यांनी आणखी जाड केला होता. तो फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढला.

## ‘निवडणुकीचा खर्च तर मोजतातच ना?’

मोजतात, आणि किती बारकाईने मोजतात हे पाहण्यासारखं आहे. महाराष्ट्रात लोकसभेला उमेदवाराची मर्यादा ९५ लाख, विधानसभेला ४० लाख. गोव्यात ७५ आणि २८ लाख. वेगळं बँक खातं लागतं, एका माणसाला १० हजारांवर रोख देता येत नाही. जिल्हा निवडणूक अधिकारी दरपत्रक काढतो: चहा, वडापाव, पोहे, प्लॅस्टिकची खुर्ची, मंडप, फेटा, हार. सभेचं चित्रीकरण करणारं पथक खुर्च्या मोजतं आणि आयोगाचे लोक स्वतःची वेगळी वही लिहितात. उमेदवाराने चारशे खुर्च्या दाखवल्या आणि चित्रफितीत हजार निघाल्या, तर खुलासा द्यावा लागतो. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दिला नाही तर तीन वर्षं अपात्रता येऊ शकते.

मग गळतं कुठे? पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. स्टार प्रचारकाचं हेलिकॉप्टर उमेदवाराच्या खात्यात धरत नाहीत. पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च त्याच्याच खात्यात धरावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये म्हटलं होतं. त्याच वर्षी कायदा बदलून ते निष्प्रभ करण्यात आलं. २०१३ मध्ये गोपीनाथ मुंडे एका जाहीर कार्यक्रमात बोलून गेले की २००९ च्या निवडणुकीत आपले ८ कोटी खर्च झाले. तेव्हा मर्यादा २५ लाख होती. आयोगाने नोटीस काढली, खुलासे झाले. त्यांचं चुकलं एवढंच की बाकीचे मनात ठेवतात ते ते माइकवर बोलले.

## ‘पण हा त्यांचा खासगी प्रश्न नाही का?’

काही अंशी आहे, आणि न्यायालयाने ती रेघ मारूनही दिली आहे. अरुणाचलमधल्या एका आमदाराने काही वाहनांची माहिती दिली नाही म्हणून निवडणूक रद्द झाली, ते प्रकरण ९ एप्रिल २०२४ ला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं आणि आमदारकी वाचली. कपडे, चपला, भांडीकुंडी, फर्निचर अशी प्रत्येक जंगम वस्तू जाहीर करायची गरज नाही. मतदाराचा जाणून घेण्याचा हक्क अमर्याद नाही, असं न्यायालय म्हणालं. मात्र उमेदवाराकडे महागडी घड्याळं असतील आणि त्यांची एकूण किंमत मोठी असेल, तर ती सांगावीच लागतील, कारण त्यातून त्याची ऐषारामी राहणी दिसते. साधं घड्याळ लपवलं तर बिघडत नाही. म्हणजे राहणी हा मतदाराच्या कामाचा विषय आहे, हे न्यायालयालाही मान्य आहे.

श्रीमंत नेत्याने झोपडीत राहावं असा याचा अर्थ नाही. मुख्यमंत्र्याला ‘वर्षा’ लागतो, कारण तिथे रात्री बैठका होतात, माणसं थांबतात, सुरक्षा ठेवावी लागते. धंद्यात कमावलेल्या माणसाने आपल्या पैशाने भारी गाडी घेतली तर तो त्याच्या पहिल्या खिशाचा प्रश्न. तीच गाडी ठेकेदाराच्या नावावर असून साहेब वर्षानुवर्षं वापरत असतील, तर तो आपलाही प्रश्न होतो.

## ‘मतदार तरी कुठे हे बघतात?’

त्रिपुराचे तेव्हाचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांच्या २०१८ च्या शपथपत्रात हातात १,५२० रुपये आणि बँकेत २,४१० रुपये होते. पगार ते पक्षाला देत आणि पक्षाकडून खर्चापुरते घेत. पत्नी केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त. आधीच्या निवडणुकाही त्यांनी याच राहणीवर लढवल्या आणि जिंकल्या होत्या. त्या वेळी स्वतःची जागा त्यांनी राखली, पण सरकार गेलं. लोकांना नोकऱ्या पाहिजे होत्या, आणि मुख्यमंत्र्याच्या खात्यात २,४१० रुपये असल्याने त्या मिळत नव्हत्या. मतदारांचं हे चुकलं असं मी म्हणणार नाही.

सांगोल्यात गणपतराव २०१९ मध्ये निवडणुकीतून बाजूला झाले. नातवाने, अनिकेत देशमुखांनी, अर्ज भरला आणि शहाजीबापूंनी त्यांना ७६८ मतांनी हरवलं. २०२४ मध्ये दुसरे नातू बाबासाहेब देशमुख शहाजीबापूंना हरवून ती जागा शेकापकडे परत घेऊन आले. त्यात आजोबांच्या एसटीचा वाटा किती, पाण्याच्या राजकारणाचा किती आणि शिवसेनेच्या दोन गटांत फुटलेल्या मतांचा किती, यावर सांगोल्यातल्या चहाच्या टपऱ्यांवर अजून एकमत नाही.